आतल्या खोलीतल्या स्ट्रीमरला वायर की वायफाय? रात्री गाणं तुटतं त्याबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात तीन बेडरूमचा फ्लॅट, फायबरचा डबा मेन दरवाज्यापाशी, स्ट्रीमर (नेटवरून गाणी आणून वाजवणारी पेटी) आणि ॲम्प्लिफायर अगदी शेवटच्या खोलीत. नेट २०० एमबीपीएसचं, मोबाईलवर स्पीड टेस्ट छान येते, तरी रात्री साडेआठनंतर गाणं मध्येच तुटतं. दुकानदार म्हणतो वायर टाका, पण साधी नको, अठरा हजारांची खास ऑडिओची लॅन केबल घ्या म्हणजे आवाजही खुलेल. तर वायर टाकावी का, आणि तीच घ्यावी का?

वायर टाका. अठरा हजारांची मात्र घेऊ नका, त्यातले हजार-दीड हजार केबलला पुरतात, बाकीचे रूमच्या पडद्यांवर आणि गालिच्यावर घाला, तिथे आवाजात खरोखर फरक पडेल. मी पुण्यात घरोघरी नेटवर्क आणि ऑडिओ लावायचं काम गेली सतरा वर्षं करतोय आणि हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो, म्हणून एकदाच नीट लिहितो, थोडं लांबेल.

आधी स्पीडचा गैरसमज काढून टाकू. सीडी म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल, गुणाकार केला की सेकंदाला १४११ किलोबिट येतात, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. तेच फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावता फाईल लहान करायची पद्धत) बांधलं की बहुतेक वेळा ६०० ते १००० किलोबिटच्या मध्ये कुठेतरी. अगदी २४ बिट १९२ किलोहर्ट्झची फाईल कॉम्प्रेस न करता पाठवली तरी ९.२ एमबीपीएस. तुमच्याकडे २०० आहेत. म्हणजे पाईप केवढा आहे हा प्रश्नच नाहीये, पाण्याची धार मध्ये तुटते का हा प्रश्न आहे, आणि स्पीड टेस्ट ते दाखवतच नाही कारण ती दहा-पंधरा सेकंदांची सरासरी काढते. त्या दहा सेकंदांत अर्धा सेकंद काहीच आलं नाही आणि उरलेल्या साडेनऊमध्ये भरपूर आलं तरी आकडा मस्तच दिसणार. त्यामुळे नेटचा प्लॅन वाढवून घेतला, २०० चे ५०० केले, तरी गाणं तुटायचं थांबणार नाही. लोक हे सगळ्यात आधी करतात आणि दर महिन्याला त्याचे पैसे भरत बसतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

मग तुटतं का? वायफाय म्हणजे एक माईक आणि बोलणारे पन्नास. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया, मग परत थोडं थांबून परत प्रयत्न. आणि हे पन्नास तुमच्याच घरातले नसतात, वरच्या मजल्यावरचा राऊटर, शेजारच्यांचा टीव्ही, समोरच्या विंगमधला कॅमेरा, त्याच चॅनेलवर असतील तर सगळे त्याच रांगेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल मुळात तीनच, १, ६ आणि ११, आणि आपल्याकडच्या सोसायटीत उभं राहून स्कॅन केलं की वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. दुपारी घरं रिकामी असतात म्हणून चालतं, रात्री साडेआठला सगळे घरी येऊन काहीतरी लावतात तेव्हा रांग वाढते. म्हणजे तुमचं साडेआठचं गणित इथेच सुटतं, बरेच जण ते कंपनीच्या नेटवर ढकलतात. नेटही दोषी असू शकतं, ते ओळखायची युक्ती पुढे देतो.

स्ट्रीमर काही सेकंदांचा माल आधीच आत भरून ठेवतो, त्यामुळे छोटे खंड आपल्याला कळतही नाहीत. खंड त्या साठ्यापेक्षा मोठा झाला की शांतता. आणि फोनवरून थेट स्पीकरला पाठवताना, किंवा दोन-तीन खोल्यांतले स्पीकर एकत्र वाजवताना, साठा मोठा ठेवता येत नाही कारण सगळ्यांना एकाच ठेक्यात चालायचं असतं, म्हणून तिथे वायफायचा त्रास आधी दिसतो.

दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त काकांकडे गेलो होतो, ते शास्त्रीय ऐकणारे, रोज रात्री जेवणाआधी एक ख्याल पूर्ण ऐकायचा हा नेम. त्यांची तक्रार अशी की तानपुरा तुटतो. गाणं तुटतं नाही म्हणाले, तानपुरा तुटतो म्हणाले, आणि ते बरोबर होतं, कारण ढोलकीच्या गाण्यात पाव सेकंदाचं भोक पडलं तर कदाचित निसटून जाईल पण विलंबित आलापात मागे तानपुरा अखंड चालू असतो, कान त्यावर टेकलेला असतो, तो गेला की एकदम जिन्यावरची पायरी चुकल्यासारखं होतं. मी लॅपटॉप त्यांच्या स्ट्रीमरच्या शेजारी ठेवला आणि राऊटरला पिंग लावून दिलं, म्हणजे छोटी हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, सलग, एकामागून एक. तीन मिलिसेकंद, चार, तीन, पाच, छान चाललेलं. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. मग आतून काकूंनी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि स्क्रीनवर एकशे ऐंशी, तीनशे दहा, टाइम आउट, टाइम आउट, दोनशे चाळीस. दीड मिनिटाने मायक्रोवेव्हची घंटा वाजली आणि परत तीन, चार, तीन. काका माझ्याकडे बघत राहिले. भिंतीच्या पलीकडे ओटा, ओट्यावर मायक्रोवेव्ह, तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, दार कितीही घट्ट असलं तरी थोडं बाहेर गळतंच, तब्येतीला त्याने काही होत नाही पण बिचाऱ्या वायफायला पुरतं. त्या दिवशी बावीस मीटर कॅट सिक्स जातीची लॅन केबल टाकली, पिंग एक मिलिसेकंदाच्या खाली आलं आणि तिथेच राहिलं, मायक्रोवेव्ह चालू असो की बंद.

ही टेस्ट तुम्ही आजच करा, पैसे लागत नाहीत. रात्री नऊला लॅपटॉप स्ट्रीमरच्या जागी ठेवा, वायफायवर, आणि एका विंडोत राऊटरला पिंग, दुसऱ्या विंडोत बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरला पिंग, अर्धा तास चालू ठेवा. राऊटरचंच पिंग उड्या मारत असेल तर दोष घरातल्या हवेत आहे, वायर टाकल्यावर जाईल. राऊटरचं स्थिर आणि फक्त बाहेरचं उड्या मारतंय तर दोष कंपनीच्या लाईनचा, मग घरात सोन्याची वायर टाकलीत तरी उपयोग नाही, तक्रार तिकडे करा.

एक वेगळीच भानगड असते ती इथेच सांगतो कारण ती वायफाय खराब असल्यासारखीच वाटते. फोनच्या ॲपमध्ये स्ट्रीमर कधी दिसतो कधी गायब होतो. एकमेकांना शोधायला ही उपकरणं मल्टिकास्ट वापरतात, म्हणजे सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक, आणि वायफायवर अशी हाक पोचली की नाही याची पोच कोणी देत नाही, हरवली तर हरवली. बरेच राऊटर यात गडबड करतात. पण आपल्याकडे त्याहून जास्त वेळा कारण असतं दोन राऊटर. कंपनीच्या डब्याचं एक वायफाय, वर आपण आणलेल्या राऊटरचं दुसरं, दोघंही आपापले पत्ते वाटतायत, स्ट्रीमर १९२.१६८.१ वाल्या घरात आणि फोन १९२.१६८.० वाल्या घरात, मग हाक पोचणार कशी? आपला राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका किंवा कंपनीला डबा ब्रिज मोडमध्ये करायला सांगा, म्हणजे पत्ते एकच जण वाटेल. आणि गेस्ट नेटवर्कवर ऑडिओची कुठलीही वस्तू जोडू नका, तिथे एका उपकरणाला दुसरं मुद्दाम दिसू दिलं जात नाही.

ब्लूटूथ हा वेगळा विषय आहे, लोक वायरलेस म्हणून दोन्ही एकाच पिशवीत घालतात. वायफायवर आलेली फ्लॅक फाईल जशीच्या तशी पोचते, बिट न् बिट. ब्लूटूथवर गाणं परत दाबलं जातं, दाबायच्या साध्या एसबीसी पद्धतीत साधारण ३२८ किलोबिट, भारी एलडॅक पद्धतीत अगदी चांगली परिस्थिती असेल तर ९९०. म्हणजे आवाजाच्या दर्जात खरा फरक ब्लूटूथ आणि बाकी सगळं यांच्यात आहे, वायफाय आणि वायर यांच्यात नाही.

आता येतो त्या अठरा हजारांवर. इथे मला थोडं कळकळीने लिहावं लागेल कारण भल्या माणसांचे पैसे जाताना मी बघितलेत. लॅन केबलमधून गाणं वाहत नाही, आकड्यांची पाकिटं जातात. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी ३२ बिटांची एक तपासणीची बेरीज असते, ती जुळली नाही तर पाकीट टाकून दिलं जातं आणि टीसीपी, म्हणजे पाकिटांचा हिशेब ठेवणारी नेटची पद्धत, ते परत मागवून घेतं. म्हणजे पाकीट एकतर शंभर टक्के बरोबर येतं नाहीतर येतच नाही, थोडं मळकट, थोडं झाकोळलेलं असं येत नाही. केबल खराब असेल तर गाणं अडखळेल, पण बासरी कर्कश होणार नाही आणि आवाजाचा फैलाव अरुंद होणार नाही. पटत नसेल तर हे करून बघा, गाणं चालू असताना लॅन केबल स्ट्रीमरच्या मागून उपटून काढा. गाणं चालूच राहील, काही सेकंद, काही स्ट्रीमरमध्ये त्याहूनही जास्त, कारण ते आतल्या साठ्यातून वाजतंय. त्या सेकंदांत केबल लावलेलीच नाहीये. आवाज बदलला का? डोळे मिटून बसा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी काढा-घालायला सांगा, म्हणजे आपली आपल्यालाच फसवणूक होत नाही. मी हे बऱ्याच ग्राहकांच्या घरी केलंय, साठा संपेपर्यंत केबल कधी निघाली हे अजून एकानेही ओळखलेलं नाही.

एक खरी बाजू मात्र आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. केबल म्हणजे धातू, ती दोन पेट्यांना विजेच्या दृष्टीनेही जोडू शकते. साध्या यूटीपी केबलमध्ये, म्हणजे शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) नसलेल्या केबलमध्ये, हा प्रश्न जवळपास येतच नाही कारण लॅनच्या प्रत्येक जॅकमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, १५०० व्होल्टपर्यंतचं आयसोलेशन. पण शील्डवाली केबल घेतली, दोन्ही टोकांना धातूचे कनेक्टर लावले, की ते शील्ड राऊटरची किंवा स्विचची (एका केबलला अनेक पोर्ट करून देणारा डबा) बॉडी आणि तुमच्या स्ट्रीमरची बॉडी सरळ जोडतं, मग अर्थिंगचं वेटोळं तयार होऊन स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची घूं येऊ शकते. आणि महागड्या ऑडिओ केबल बहुतेक शील्डवाल्याच असतात! घरासाठी साधी यूटीपी, प्लॅस्टिकचा कनेक्टर, बस. घूं कुठून येतेय ते तपासायचं तर लॅन काढा आणि पेनड्राइव्हवरून गाणं लावा, घूं गेली तर शील्ड दोषी. नाही गेली तर केबल टीव्हीची किंवा डिशची कोॲक्स (जाड गोल वायर) ॲम्प्लिफायरला कुठून तरी चिकटलीय का बघा, माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा तीच निघते.

केबल घेताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची, तांबं शुद्ध आहे का. बाजारात सीसीए नावाची केबल ढिगाने मिळते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, खोक्यावर ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. २०१२-१३ च्या सुमाराला मी स्वतः एका बंगल्यात ती टाकली, पुरवठादाराने सांगितलं तसं मानलं, तपासलं नाही. दोन वर्षांनी एकेक टोक तुटायला लागलं, कारण ॲल्युमिनियम वाकवलं की मोडतं आणि पकडीत सैल होतं. सगळी केबल माझ्या खर्चाने बदलून दिली. तेव्हापासून प्रत्येक नव्या खोक्यातली एक तार ब्लेडने खरवडून बघतो, आत चांदीसारखी चकाकली तर खोकं परत. खोकं उचलूनही कळतं, सीसीएचं हाताला हलकं लागतं. कॅट फाईव्ह ई सुद्धा गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, पण आता भावात फार फरक नाही म्हणून कॅट सिक्स घ्या, कॅट सेव्हन-एटच्या नादाला लागू नका, जाड असते, वळत नाही, आणि परत शील्ड.

टाकायची कशी? भिंतीला झिऱ्या मारायची गरज बहुतेक वेळा नसते. आधी जुन्या टेलिफोनचे किंवा केबल टीव्हीचे पाईप शोधा, बऱ्याच बिल्डिंगमध्ये हॉलपासून बेडरूमपर्यंत ते रिकामेच पडलेत, जुन्या वायरच्या टोकाला नवी केबल इन्सुलेशन टेपने बांधायची, एकाने ओढायची आणि एकाने दुसरीकडून सोडायची, हलक्या हाताने, झटके न देता. पाईप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसी केसिंग पट्टी, भिंतीच्या रंगाची, दोन दिवसांनी घरच्यांच्या लक्षातही राहत नाही. लाईटच्या २३० व्होल्टच्या पाईपमधून लॅन कधीही ओढायची नाही, वायरमन म्हणेल काही होत नाही साहेब, तरी नाही. आवाजापेक्षाही जिवाचा प्रश्न आहे, एखादी जुनी वायर सोलवटली तर करंट थेट तुमच्या स्ट्रीमरच्या बॉडीपर्यंत येईल. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. टोकाला रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. झालं की राऊटरच्या पानावर लिंक १००० ची दिसते का बघा, १०० दिसली तर आठपैकी एखादी तार लागलेली नाही, बहुतेक वेळा निळी किंवा तपकिरी जोडी. गाणं १०० वरही आरामात वाजेल, पण ढिलं टोक आज ना उद्या त्रास देणार, तेव्हाच कापून परत पंच करा.

बंगला असेल आणि केबल गच्चीवरून किंवा अंगणातून बाहेरच्या खोलीत जाणार असेल तर तांबं नकोच, तिथे फायबर टाका आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं लॅनमध्ये रूपांतर करणारी डबी) लावा. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की बाहेरून गेलेली तांब्याची केबल दोन्ही टोकांचे पोर्ट जाळते, कोकणात एका गिऱ्हाइकाचे एका मोसमात तीन स्विच गेले. फायबर काचेचं, त्यातून वीज जात नाही.

भाड्याचं घर असेल, मालक पट्टीसुद्धा लावू देत नसेल, तर वायफायवरच पण शहाणपणाने. स्ट्रीमर ५ गिगाहर्ट्झवर जोडा, चॅनेल ऑटो न ठेवता ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला रिकामा बघून पक्का करा, चॅनेलची रुंदी ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ करा, स्पीड टेस्टचा आकडा पडेल पण धार टिकेल आणि आपल्याला धार हवीय. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे लवकर हार मानतं, नऊ इंची विटेची एक भिंत चालते, दोन भिंती आणि मध्ये बाथरूमच्या टाइल्स म्हटलं की अवघड. स्ट्रीमर ॲम्प्लिफायरच्या मागे लोखंडी रॅकमध्ये कोंबून ठेवू नका, स्ट्रीमर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल तर वायफायचं पॉवर सेव्ह बंद करा, तो थोडं शांत झालं की झोपतो आणि उठायला वेळ घेतो. जुना पाय थ्री बी असेल तर त्याचं वायफाय फक्त २.४ चं आहे, त्याला मात्र कसंही करून वायरच द्या, त्याचा लॅन पोर्ट १०० चा असला तरी सगळ्यात जड फाईलच्या दहापट आहे.

रिपीटर (वायफाय झेलून पुढे फेकणारा डबा) घेऊ नका, तो तीच हवा दोनदा वापरतो. मेश (एकच वायफाय मिळून देणारे दोन-तीन डबे) घेतलात तर दोन डब्यांमध्ये तरी वायर असू द्या, ते जमलं तर मेश उत्तम. लाईटच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाईन अडॅप्टर काही घरांत चालतात, पण दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील किंवा मध्ये इन्व्हर्टर असेल तर भरवसा नाही, दुकानातून परत करायच्या बोलीवरच आणा.

तुमच्या घरात मी काय करेन ते सांगतो. डब्यापासून शेवटच्या खोलीपर्यंत एकच कॅट सिक्स, तुमच्या वर्णनावरून अठरा-वीस मीटर होईल. तिथे पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच, हजार-दीड हजारात येतो, त्यात स्ट्रीमर, गाण्यांची हार्ड डिस्क जोडलेला कॉम्प्युटर असेल तर तो, आणि टीव्ही. जी वस्तू जागची हलत नाही ती वायरवर. यामुळे हवेतली रांगही कमी होते, टीव्ही वायफायवरून उतरला की फोनना मोकळं मिळतं, आणि तुम्ही फोन वायफायवरच ठेवून खुर्चीत बसून गाणी बदलू शकता, कारण फोन फक्त हुकूम देतो, गाणं स्ट्रीमर स्वतः वायरने आणतो. बऱ्याच ॲपमध्ये असंच चालतं, पण फोनवरून कास्ट न करता (कास्टमध्येही फोन फक्त हुकूम देतो) ॲपलच्या एअरप्लेने पाठवलं तर गाणं फोनमधून हवेतून जाऊन मग स्ट्रीमरला येतं, वायर टाकूनही तुटत राहिलं तर आधी हे बघा. स्वयंपाकघरातला छोटा स्पीकर, बाथरूममधला, ते वायफायवरच राहू देत, त्यांच्यासाठी पट्ट्या मारत बसू नका.

आणि केबल ओढाल तेव्हा सोबत एक नायलॉनची दोरी पाईपमध्ये ओढून ठेवा, पुढे कधी दुसरी केबल लागली तर पाईप परत मोकळा करायची वेळ येणार नाही. रात्री नऊचे पिंगचे आकडे आले की दोन्ही विंडोंचे लिहा, मग बघून सांगतो.